मुलांचा इसब आणि एपिजेनेटिक्स : कुठे मोजले, केव्हा मोजले?

शेवंती (धागाकर्ती)

लहान मुलांच्या इसबावर, म्हणजे डॉक्टर ज्याला अटोपिक डर्माटायटिस म्हणतात त्यावर, मराठीत जे लिहिले जाते त्यात बहुतेक वेळा दोनच गोष्टी असतात: मुलाला काय खाऊ घालू नये आणि कोणते मलम लावावे. अलीकडे त्यात तिसरीची भर पडली आहे. हा आजार 'एपिजेनेटिक' आहे आणि आईच्या गरोदरपणातल्या आहारामुळे व ताणामुळे बाळाची जनुके बंद-चालू होतात, असे संदेश पालकांच्या गटांतून फिरू लागले आहेत. डीएनएवरील मिथाइल खुणा मोजणे हे माझे रोजचे काम आहे. त्यामुळे या विषयात प्रत्यक्ष काय मोजले गेले आहे आणि कशाचा नुसता गाजावाजा आहे, हे वेगळे करून मांडावेसे वाटले. मी डॉक्टर नाही. उपचारांविषयीच्या शंकांना इथल्या वैद्यकीय सभासदांनी उत्तरे द्यावीत, ही विनंती.

आधी जनुकांविषयी. फिलाग्रिन हे प्रथिन घडवणाऱ्या जनुकातील दोन बिघाड इसबाशी घट्ट जोडलेले आहेत, हे २००६ साली डंडी येथील मॅक्लीन आणि डब्लिन येथील अर्विन यांच्या गटांनी दाखवून दिले. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातील केराटिनचे तंतू फिलाग्रिनमुळे एकत्र बांधले जातात आणि त्याच्या विघटनातून निघणारे पदार्थ त्वचेतील ओलावा धरून ठेवतात. ज्यांच्यात ते कमी पडते त्यांची त्वचा कोरडी राहते. त्यांच्यापैकी अनेकांच्या तळहातावर, विशेषतः अंगठ्याखालच्या उंचवट्यावर, बारीक रेषांचे दाट जाळे दिसते. युरोपीय वंशाच्या सुमारे ९ टक्के लोकांत या दोहोंपैकी एखादा तरी बिघाड असतो. तरीही त्यांच्यातल्या पुष्कळांना आयुष्यात कधी इसब होत नाही, आणि इसब असलेल्या बहुसंख्य मुलांत हा बिघाड सापडत नाही. डेन्मार्कमधील जुळ्यांच्या एका पाहणीत एकबीज जुळ्यांपैकी एकाला इसब असल्यास दुसऱ्यालाही असण्याचे प्रमाण ७२ टक्के आढळले, तर द्विबीज जुळ्यांत ते २३ टक्के होते. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे त्यावरून उघड होते. पण डीएनए हुबेहूब सारखा असूनही शंभरांत २८ वेळा दुसरे भावंड सुटते, हेही तितकेच उघड आहे.

एपिजेनेटिक्सचा विचार या फटीतून सुरू होतो. यकृताच्या आणि त्वचेच्या पेशीत डीएनए एकच असतो, तरी एक पित्त बनवते आणि दुसरी केराटिन, कारण कोणते जनुक वाचायचे आणि कोणते मिटून ठेवायचे हे दोघींत वेगवेगळे ठरलेले असते. डीएनएतील सायटोसिनवर, विशेषतः जनुकाच्या सुरुवातीच्या भागात, मिथाइल गट चिकटले की ते जनुक सहसा मंदावते. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावर असिटाइल गट बसले की गुंडाळी सैल होते आणि जनुक वाचता येते. मायक्रो-आरएनए नावाचे छोटे रेणू तर जनुकाचा निरोप प्रथिनात उतरण्याआधीच अडवतात. या शेवटच्या गटाला एपिजेनेटिक म्हणावे की नाही यावर तज्ज्ञांत एकमत नाही, पण इसबाच्या संशोधनात तो याच खात्यात धरला जातो.

आता पुरावा. मला सर्वांत बोलका वाटतो तो २०१४ मध्ये जर्मनीतील एका गटाने प्रसिद्ध केलेला अभ्यास. त्यांनी रुग्णांचे आणि निरोगी व्यक्तींचे रक्त, त्यातून वेगळ्या केलेल्या टी व बी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) आणि त्वचेचा बाह्य थर हे सर्व तपासले. रक्तात व त्यातील पेशींत दखल घेण्याजोगे फरक सापडले नाहीत. चट्ट्यावरच्या त्वचेत मात्र मिथायलेशनचे ठळक फरक होते आणि त्यांतील काहींच्या जोडीला शेजारच्या जनुकांचे कामही बदललेले होते. टीएसएलपी हा त्वचेतून निघणारा, अलर्जीच्या साखळीला तोंड फोडणारा संदेशवाहक रेणू आहे. त्याच्या जनुकाच्या नियंत्रक भागावरील मिथाइल खुणा इसबाच्या चट्ट्यांत कमी झालेल्या आणि रेणूचे प्रमाण वाढलेले चीनमधील संशोधकांना आढळले. तैवानमधील २०१३ च्या अभ्यासात गर्भनाळेच्या रक्तात कोटिनिन, म्हणजे निकोटिनपासून शरीरात बनणारा पदार्थ, जितके जास्त तितके टीएसएलपीवरील मिथायलेशन कमी, आणि ते कमी असलेल्या बाळांत पुढे इसब अधिक, असे दिसले. इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट बेटावर १९८९ पासून जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा चालू आहे. तिथल्या तरुण मुलींच्या रक्तात फिलाग्रिन जनुकावरील एका विशिष्ट ठिकाणचे मिथायलेशन जितके अधिक, तितका त्या जनुकातील बिघाडामुळे इसब होण्याचा धोका वाढलेला आढळला. म्हणजे बिघाड आणि खूण एकमेकांना हातभार लावतात, असा निदान तर्क करता येतो.

असा कोणताही अभ्यास हाती आला की मी दोन प्रश्न विचारते: खूण कोणत्या ऊतीत मोजली, आणि आजार दिसण्यापूर्वी मोजली की नंतर? समाजमाध्यमांवरचे बहुतेक दावे या दोन प्रश्नांपुढे टिकत नाहीत.

मीठभाकर

शेवंती, धागा योग्य वेळी आला. माझ्या मुलाला तिसऱ्या महिन्यात गालांवर ओलसर चट्टे आले, रांगू लागल्यावर ते कोपरांवर व घोट्यांवर उतरले आणि आता गुडघ्यांच्या मागे व मानेच्या घड्यांत कातडी जाड झाली आहे. रात्री त्याच्या हातांवर मोजे चढवूनच आम्ही झोपतो, तरी सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे बारीक ठिपके असतात. या सगळ्यात मला सर्वाधिक त्रास झाला तो घरच्यांच्या बोलण्याचा. आधी 'सातव्या महिन्यात वांगे खाल्लेस' असे ऐकवले गेले. आता शिकलेले नातेवाईक 'तू तेव्हा नोकरीचा ताण घेतलास, म्हणून त्याची जनुके बदलली' असे म्हणतात. मला सरळ विचारायचे आहे: एका विशिष्ट मुलाचा इसब आईच्या गरोदरपणातील अमुक गोष्टीमुळे झाला, असे सांगता येईल अशी कोणतीही तपासणी आज आहे का?

शेवंती

मीठभाकर, नाही. अशी तपासणी नाही. वर ज्या अभ्यासांचा उल्लेख केला ते शेकडो मुलांच्या सरासरीतील छोटे फरक आहेत. त्यांच्यावरून एका मुलाविषयी मागे जाऊन कारण काढता येत नाही. वांग्याचा संबंध तर कोणीही दाखवलेला नाही. ताणाविषयी काही निरीक्षणे आहेत, पण ज्या घरात आईला ताण असतो तिथे इतरही पुष्कळ काही वेगळे असते, आणि हा गुंता कुणाला नीट सोडवता आलेला नाही. नातेवाइकांनी शब्द बदलला आहे, आरोप तोच आहे.

शंकासुर

माझी शंका मोजमापाच्या मुळाशी आहे. रक्त हा एक पदार्थ नसून अनेक प्रकारच्या पेशींचे मिश्रण आहे आणि प्रत्येक प्रकारच्या पेशीचा मिथाइल खुणांचा नमुना वेगळा असतो. इसब किंवा दमा असलेल्या मुलांच्या रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात. मग 'मिथायलेशन बदलले' याचा अर्थ एखाद्या पेशीतली खूण बदलली असा नसून केवळ पेशींचे प्रमाण बदलले, एवढाच असू शकतो. पोह्यांत शेंगदाणे जास्त पडले म्हणून पोह्यांचा दाणा बदलत नाही. शिवाय खाज, सूज आणि स्टिरॉइड मलमे यांनीही खुणा बदलत असतील, तर चट्ट्यावरच्या त्वचेत दिसणारा फरक हा आजाराचे कारण आहे की त्याचा माग, हे कसे ठरवणार?

शेवंती

दोन्ही मुद्दे रास्त आहेत, आणि पहिला तर दम्याच्या बाबतीत प्रत्यक्ष सिद्ध झाला आहे. २०१८ मध्ये युरोपातील अनेक जन्मगटांचा, म्हणजे जन्मापासून पाठपुरावा केलेल्या मुलांच्या गटांचा, एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. चार-पाच आणि आठ वर्षांच्या मुलांत दम्याशी जोडलेल्या मिथाइल खुणांच्या १४ जागा डीएनएवर सापडल्या. त्याच जागा जन्मावेळच्या रक्तात पाहिल्या तेव्हा फरक दिसला नाही, आणि वेगळ्या काढलेल्या इओसिनोफिलमध्ये त्या खुणा ठळकपणे आढळल्या. म्हणजे बाळ त्या खुणा घेऊन जन्माला आले नव्हते. आजाराच्या वाटचालीत रक्ताचे स्वरूप बदलले होते. अलीकडच्या अभ्यासांत पेशींच्या प्रमाणाचा गणिती हिशेब वजा केला जातो, पण २०१२ च्या आधीचे निष्कर्ष वाचताना हात राखूनच वाचावेत.

लायपझिगमधील एका जन्मगटाने मात्र याच गोष्टीचा उपयोग करून घेतला. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशींत फॉक्सपी३ जनुकाचा एक भाग मिथाइल खुणांपासून मोकळा असतो, इतर पेशींत तो झाकलेला असतो. त्यामुळे गर्भनाळेच्या रक्तात तो भाग किती मोकळा आहे हे मोजले की नियामक पेशी किती आहेत ते कळते. त्यांच्या २०१२ च्या निबंधानुसार ज्या बाळांत जन्मावेळी या पेशी कमी होत्या त्यांना पहिल्या वर्षात इसब होण्याचा धोका जास्त होता, आणि गरोदरपणात तंबाखूच्या धुराशी संपर्क आलेल्या मातांच्या बाळांत त्या कमी आढळल्या. येथे खूण बदलली असा दावाच नाही. खुणेच्या आधारे पेशी मोजल्या आहेत, आणि मोजमाप आजाराच्या आधीचे आहे. माझ्या दुसऱ्या प्रश्नाला तरी हा अभ्यास पुरेसे उत्तर देतो.

चट्ट्याविषयीच्या तुमच्या शंकेला आज पूर्ण उत्तर नाही. कारण आणि माग हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात, कारण सूज खुणा बदलते आणि त्या खुणा पुढची सूज सोपी करतात.

चर्मचिकित्सक

मी लहान मुलांचे त्वचारोग पाहतो, त्यामुळे दवाखान्याच्या बाजूने काही भर घालतो.

पहिली गोष्ट अशी की फिलाग्रिन कमी पडायला जनुकात बिघाड असावाच लागतो असे नाही. इसबात वाढणारे आयएल-४ आणि आयएल-१३ हे दोन संदेशवाहक रेणू निर्दोष जनुकाच्या त्वचेतही फिलाग्रिनचे उत्पादन खाली आणतात. २००७ पासून हे माहीत आहे. म्हणून सूज आटोक्यात आणली की अडथळ्याचा थरही सुधारतो. आयएल-४च्या ग्राहीलाच, म्हणजे तो रेणू पेशीवर जिथे चिकटतो त्या जागेलाच, अडवणारे डुपिलुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत २०१७ मध्ये प्रौढांसाठी आणि २०२२ मध्ये सहा महिन्यांवरील मुलांसाठी मंजूर झाले, त्यामागचे तत्त्व हेच आहे. आपल्याकडे त्याची किंमत पाहता ते फार थोड्यांच्या आवाक्यात आहे आणि बहुसंख्य मुलांना त्याची गरजही नसते.

दुसरी गोष्ट स्टिरॉइड मलमांच्या भीतीची. 'आम्हाला रसायने नकोत, आम्ही एपिजेनेटिक उपाय करतो' असे सांगणारे पालक भेटतात तेव्हा मला गंमत वाटते. स्टिरॉइडचा रेणू पेशीत शिरून आपल्या ग्राहीला चिकटतो आणि ती जोडी हिस्टोनवरील असिटाइल गट काढून टाकणारे विकर सूज वाढवणाऱ्या जनुकांपाशी ओढून आणते. गुंडाळी पुन्हा घट्ट होते आणि ती जनुके मिटतात. हे काम प्रामुख्याने फुप्फुसाच्या पेशींत लंडनच्या बार्न्स यांच्या गटाने दाखवले. म्हणजे ज्या औषधाला ते टाळतात तेच यादीतले सर्वांत जुने एपिजेनेटिक औषध आहे.

मात्र भीती अगदीच निराधार नाही. आपल्याकडे औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या, तीव्र स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांच्या खिचडी मलमांनी मुलांच्या त्वचेचे अतोनात नुकसान केले आहे. डॉक्टरांनी वयानुसार व जागेनुसार दिलेले सौम्य मलम ठरावीक दिवस लावणे आणि ते खिचडी मलम महिनोन्महिने चोपडणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मापाचे म्हणाल तर प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या घडीपर्यंत पिळलेली मलमाची रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि ती बोटांसह दोन प्रौढ तळहातांएवढ्या त्वचेला पुरते. बहुतेक पालक याच्या निम्मेही लावत नाहीत आणि मग 'गुण आला नाही' म्हणतात.

आपल्या मुलांच्या सावळ्या त्वचेवर इसब पुस्तकातल्या चित्रासारखा लाल दिसत नाही. तो करडा, तपकिरी किंवा जांभळट दिसतो, आणि कित्येकदा केसांच्या मुळांशी काट्यासारखे बारीक पुरळ एवढेच लक्षण असते. चट्टा बरा झाल्यावर उरणारा फिकट डाग पाहून घरातली मंडळी कोड समजून घाबरतात. तो डाग काही महिन्यांत भरून येतो.

मीठभाकर, तुमच्या मुलाची जाड झालेली कातडी आणि रक्ताचे ठिपके पाहता तो पुन्हा तपासला जायला हवा. त्यावर जंतुसंसर्ग आहे का हेही पाहावे लागेल. अंघोळ कोमट पाण्याने व थोडक्यात, आणि अंग टिपल्याबरोबर ओलसर त्वचेवर भरपूर मलई (दुधाची नव्हे, ओलावा धरणारे मॉइश्चरायझर). डाळीच्या पिठाने चोळून लव काढण्याची पद्धत घरात असेल तर ती आजच बंद करा.

लंडनस्थ

आम्ही मूळचे सांगलीचे. आमच्या दोन्ही घराण्यांत कोणाला इसब नव्हता. येथे जन्मलेल्या आमच्या दोन्ही मुलांना आहे, आणि इथल्या मराठी मंडळात ही तक्रार घरोघरी ऐकू येते. एका पिढीत जनुके बदलत नाहीत. मग हे एपिजेनेटिक बदलाचे सरळ उदाहरण मानायला हरकत काय?

शेवंती

निरीक्षण महत्त्वाचे आहे आणि तुमच्यापुरते मर्यादितही नाही. कॅरिबियन वंशाच्या मुलांची तुलना २००० साली प्रसिद्ध झाली, तीत जमैकातील किंग्स्टनच्या मुलांत इसबाचे प्रमाण ५.६ टक्के तर लंडनच्या मुलांत १४.९ टक्के आढळले. जगभर एकाच प्रश्नावलीने झालेल्या आयझॅक पाहणीच्या तिसऱ्या टप्प्यात सहा-सात वर्षांच्या मुलांत सर्वांत कमी प्रमाण आपल्या जोधपूरचे होते, ०.९ टक्के, आणि सर्वांत जास्त इक्वेडोरमधील कीटोचे, २२.५ टक्के. इतकी तफावत केवळ जनुकांवर घालता येणार नाही.

पण 'जनुके नाहीत, म्हणून एपिजेनेटिक्स' हा पुढचा टप्पा मला मान्य नाही. घरातली कोरडी कृत्रिम ऊब, कमी ऊन, फेसाळ साबणाने रोजची लांब अंघोळ, कठीण पाणी, बाळाच्या वाट्याला येणारे वेगळे जंतू हे सर्व घटक त्वचेवर थेट परिणाम करू शकतात. मध्ये मिथाइल खुणेची दलाली लागतेच असे नाही. परिसर बदलला हे कारण आणि तो बदल पेशीत कोणत्या मार्गाने नोंदला गेला ही यंत्रणा. तुमच्या उदाहरणात पहिले दिसते, दुसरे तपासलेलेच नाही.

जनुक आणि परिसर वेगळे काढणेही वाटते तितके सोपे नाही. सिंगापूरमध्ये चिनी, मलय आणि भारतीय वंशाच्या मातांचा एक जन्मगट आहे. तिथल्या २३७ नवजात बालकांच्या गर्भनाळेचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळाबाळांत मिथायलेशन जिथे बदलते अशा जागांपैकी सुमारे २५ टक्के जागांचे उत्तम स्पष्टीकरण केवळ जनुकरचनेतून मिळाले. उरलेल्या ७५ टक्क्यांसाठी जनुकरचना आणि गर्भातील परिस्थिती दोन्ही एकत्र धरावी लागली. निव्वळ परिस्थितीने उत्तम स्पष्ट होणारी जागा त्यांना सापडली नाही. म्हणजे तोच धूर, तोच आहार दोन बाळांवर वेगळा उमटतो, कारण खाली लिहिलेला मजकूर वेगळा असतो.

लंडनस्थ

कठीण पाण्याचा उल्लेख केलात म्हणून विचारतो. पाणी मऊ करणारे यंत्र घ्यावे का?

चर्मचिकित्सक

इंग्लंडमध्येच ३३६ मुलांवर याची चाचणी झाली आणि २०११ मध्ये तिचा निष्कर्ष आला. इसब असलेल्या मुलांना त्या यंत्राचा फायदा झाला नाही. ते पैसे मलईवर खर्च करा.

वाकडेवड

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. याज्ञिक यांच्या गटाने १९९३ मध्ये सुरू केलेल्या माता-पोषण अभ्यासाविषयी मी वाचले आहे. तिथल्या बहुसंख्य गरोदर स्त्रियांत ब-१२ कमी होते आणि फोलेट मात्र पुरेसे होते. मिथाइल गट शरीराला मुख्यतः या दोन जीवनसत्त्वांच्या चक्रातून मिळतो. मग शाकाहारी मातांची मुले आणि इसब असा दुवा कोणी तपासला आहे का? माझ्या बहिणीने तर 'फोलिक आम्लाने मुलांना अलर्जी होते' असे कुठेतरी वाचून गोळ्या बंद केल्या आहेत आणि ती दोन महिन्यांची गरोदर आहे.

शेवंती

तुमच्या बहिणीने गोळ्या आजच पुन्हा सुरू कराव्यात आणि आपल्या डॉक्टरांशी बोलावे. गर्भधारणेआधीपासून आणि पहिल्या महिन्यांत रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल घेतल्याने बाळाच्या मेंदू व मणक्याचे गंभीर व्यंग मोठ्या प्रमाणावर टळते. याचा पुरावा या धाग्यातील कोणत्याही गोष्टीपेक्षा कितीतरी भक्कम आहे.

त्यांनी वाचले असेल ते बहुधा रॉटरडॅमच्या २०१२ च्या निरीक्षणावर बेतलेले असावे. गरोदरपणात ज्या मातांच्या रक्तात फोलेट व ब-१२ जास्त होते त्यांच्या मुलांत इसब किंचित अधिक आढळला. हे निरीक्षण आहे, चाचणी नव्हे. ज्या माता गोळ्या नियमित घेतात त्याच मुलाला डॉक्टरकडेही नियमित नेतात आणि निदानही त्यांच्याच मुलांचे अधिक होते, एवढ्यानेही असा फरक दिसू शकतो. पुण्याचा अभ्यास मधुमेहाच्या मुळांविषयी आहे: तिथे मातांत ब-१२ कमी आणि फोलेट जास्त असेल तर मुलांत इन्सुलिनला विरोध अधिक दिसला. तिथली साखळी उचलून इसबाला लावता येणार नाही.

आजीबाई

मी घाटावरच्या खेड्यात वाढले. आमच्या आईपर्यंतच्या सगळ्या बायका मिश्री लावायच्या आणि चुलीच्या धुरात स्वयंपाक करायच्या. आता माझ्या पणतीला इसब आहे. सूनबाई म्हणते, तुमच्या पिढ्यांचे हे ओझे आहे. असे पिढ्यान्‌पिढ्या उतरते का, ते सोप्या भाषेत सांगाल का?

शेवंती

आजी, तंबाखूचा धूर गर्भातल्या बाळावर खुणा सोडतो हे नक्की. १३ जन्मगटांतील ६,६८५ नवजात बालकांच्या २०१६ च्या एकत्रित अभ्यासात, आईने गरोदरपणात सातत्याने धूम्रपान केले असल्यास हजारो जागी मिथायलेशन बदललेले आढळले. परंतु स्वीडनमधील एका अभ्यासात ओठाखाली तंबाखू ठेवणाऱ्या प्रौढांच्या रक्तात धूम्रपानाच्या त्या ओळखीच्या खुणा सापडल्या नाहीत. त्या निकोटिनपेक्षा जळण्याच्या धुरामुळे उमटतात असे त्यावरून वाटते. मिश्री भाजलेल्या तंबाखूची असते, पण तिचा धूर आत घेतला जात नाही, त्यामुळे तिला सिगारेटचे निष्कर्ष जसेच्या तसे लावू नयेत. मिश्री निरुपद्रवी आहे असे मात्र मुळीच नाही: मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांच्या २००४ मधील अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले.

आता पिढ्यांचा प्रश्न. स्त्री गरोदर असते आणि पोटात मुलगी असते, तेव्हा त्या गर्भाच्या अंडाशयात पुढच्या पिढीची बीजेही तयार होत असतात. म्हणजे त्या धुराचा संपर्क एकाच वेळी तीन पिढ्यांना थेट येतो. म्हणून नातवंडापर्यंत परिणाम दिसला तरी त्याला वारसा म्हणता येत नाही. पणतीपर्यंत पोहोचला तर म्हणता येईल. माणसात इसबाच्या बाबतीत असे कोणीही दाखवलेले नाही. उलट बीजपेशी घडताना आणि गर्भधारणेनंतर पहिल्या दिवसांत अशा दोन वेळा बहुतेक मिथाइल खुणा पुसल्या जातात. सूनबाईंना सांगा की तुमच्या आईच्या मिश्रीचा हिशेब पणतीच्या कोपरावर निघत नाही.

नाचणी

एका विक्री प्रतिनिधीने आम्हाला बाळाच्या लाळेची 'एपिजेनेटिक अलर्जी तपासणी' आणि त्यावर बेतलेला पूरक आहार सुचवला आहे. किंमत पाच आकडी आहे. घ्यावा का?

चर्मचिकित्सक

घेऊ नका. इसबाचे निदान आजही डोळ्यांनी पाहून व हकीकत ऐकून होते, हॅनिफिन आणि रायका यांनी १९८० मध्ये मांडलेल्या निकषांच्या धर्तीवर. लाळेतील मिथायलेशन पाहून उपचार बदलावा असे कोणतीही मान्य मार्गदर्शिका सांगत नाही.

शंकासुर

मग शेवंतीताईंना थेट विचारतो. प्रतिबंधाच्या बाजूने या सर्व संशोधनातून आजवर हाती काय लागले? २०२० मध्ये ब्रिटनमधील १,३९४ बाळांच्या चाचणीत पहिले वर्षभर रोज मलई लावूनही दोन वर्षांच्या वयात इसबाचे प्रमाण २३ टक्के होते आणि न लावणाऱ्यांत २५ टक्के; म्हणजे फरक नाहीच. तुम्हाला पटेल असा कोणता अभ्यास झालेला पाहायला आवडेल?

शेवंती

प्रतिबंधाच्या बाजूने हाती फारसे काही नाही. गरोदरपणात रोज १,००० युनिट ड जीवनसत्त्व देणाऱ्या ब्रिटिश चाचणीत एक वर्षाच्या वयात इसब कमी आढळला, पण दोन आणि चार वर्षांना तो फरक उरला नाही. परिणाम असा ओसरत असेल तर जन्मावेळी उमटलेली कायमची खूण ही कल्पनाही थोडी सैल करावी लागते. धुरापासून दूर राहणे मी सुचवेन, पण ते इसबाविनाही सुचवले असते.

मला पाहायचा आहे तो अभ्यास असा: जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत, चट्टा दिसण्याआधी, बाळाच्या त्वचेतूनच नमुना घ्यावा; त्याच बाळाची जनुकरचना नोंदवावी; दोन वर्षे पाठपुरावा करावा आणि चट्टा आल्यास पुन्हा नमुना घ्यावा. म्हणजे कारण कोणते आणि माग कोणता हे वेगळे करता येईल. हे युरोपात होईल तसे आपल्याकडेही व्हायला हवे, कारण फिलाग्रिनचे जे दोन बिघाड युरोपात सरसकट मोजले जातात त्यांच्यावरून आपल्या मुलांचा अंदाज बांधता येत नाही.

मीठभाकर

बाळाच्या त्वचेचा तुकडा काढायला कोणती आई तयार होईल?

चर्मचिकित्सक

तुकडा काढावा लागत नाही. बाळाच्या हातावर नाण्याएवढी चिकटपट्टी दाबून अलगद उचलली की वरच्या थरातील पेशी तिच्यावर येतात. बाळ सहसा रडतही नाही. कोरियात दोन महिन्यांच्या बाळांचे असे नमुने घेतले गेले आणि ज्यांच्या पट्टीवर टीएसएलपी जास्त होते त्यांच्यात पुढे इसब अधिक झाला, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. आयर्लंडमधील कॉर्क येथेही जन्मानंतर दुसऱ्या दिवशीच बाळाच्या हातावरून किती पाण्याची वाफ उडते हे केवळ यंत्र टेकवून मोजले होते आणि ते प्रमाण जास्त असलेल्या बाळांत वर्षभरात इसबाचा धोका अधिक निघाला. म्हणजे चट्टा दिसण्याआधीच त्वचा वेगळी असते, एवढे दिसते.

शेवंती

चिकटपट्टीची अडचण माझ्या बाजूची आहे. सर्वांत वरच्या मृत थरातील पेशींत केंद्रक उरलेले नसते, त्यामुळे प्रथिने आणि मेद भरपूर मिळतात, पण मिथायलेशन मोजण्याइतका डीएनए जेमतेम हाती येतो. एकाच जागेवरून लागोपाठ पट्ट्या उचलून खालच्या थरापर्यंत पोहोचावे लागते, आणि तिथे थांबायचे कुठे हे बाळाच्या बाबतीत डॉक्टरांनीच ठरवायचे. तेवढ्याशा डीएनएत विश्वासार्ह मोजमाप करणाऱ्या पद्धती सुधारत आहेत. कोणी त्यांवर प्रत्यक्ष काम करत असेल तर कृपया इथे लिहावे. किती पट्ट्यांनंतर किती नॅनोग्रॅम मिळतात, हे मला जाणून घ्यायचे आहे.